इमारतीच्या पोटातला झोका

बालमित्रांनो, १० जुलै २०२४ ची सकाळ आठवते का? बुधवार होता. सातला थोडी मिनिटे उलटून गेली होती. आमच्याकडे गॅसवर चहा उकळत होता. एकाएकी मांडणीवरच्या ताटल्या खुळखुळल्या, खिडकीची काच थरथरली. “कोण आलं?” असे मी विचारेपर्यंत सारे शांतही झाले. दारात कुणीच नव्हते. आला होता तो भूकंप!

त्याचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. रिश्टर मापनावर तीव्रता ४.५. हिंगोली, नांदेड, परभणी हादरलेच, पण पैनगंगेच्या अलीकडे, आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकालाही धक्का जाणवला. शाळा भरली तेव्हा प्रार्थना कशीबशी झाली. प्रत्येकाला आपली गोष्ट आधी सांगायची होती. कुणाचे पत्रे खडखडले होते, कुणाची म्हैस दावे तोडून पळाली होती. सहावीतली एक मुलगी मात्र गप्प होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, “सर, आमची आजी आता घरात निजतच नाही म्हणते. किल्लारीच्या टायमाले लोक निजेतच गेले, म्हणते.”

वर्गाची भीती घालवावी म्हणून मी त्या दिवशी एक चित्र दाखवले. तैवान देशातल्या एका उंच इमारतीच्या आत टांगलेला मोठाच्या मोठा सोनेरी गोळा. “हा गोळा इमारतीचे हलणे कमी करतो,” मी सांगितले. मुले खूश झाली. पण तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मंग आपल्या शाळेले असा गोळा काहून नाही?”

मुलांनो, खरे सांगतो, मला उत्तर आले नाही. “महाग असतो,” असे मी म्हणून टाकले. पण ते उत्तर माझे मलाच पटेना. मग आठ दिवस वाचले, मुलांबरोबर दोऱ्या बांधून प्रयोग केले आणि खरे उत्तर सापडले. ते पैशांचे नव्हतेच. ते अगदी निराळे होते. आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

झोक्याचे गणित

गोष्ट सुरू होते नागपंचमीच्या झोक्यापासून. लिंबाच्या फांदीला दोर बांधला, पाट लावला, की झोका तयार. आता आठवा, तुम्ही कुणाला झोका देता तेव्हा काय करता? वाटेल तेव्हा ढकलता का? नाही. झोका मागे येतो, क्षणभर थांबतो, आणि नेमका तेव्हाच तुम्ही हलका धक्का देता. बोटाने दिला तरी चालतो. असे दहा-वीस हलके धक्के वेळेवर दिले की झोका आकाशाला भिडतो! आणि वेळ चुकली तर? झोका पुढे येताना ढकलले तर तुमच्याच हाताला झटका बसतो आणि झोका मंदावतो.

म्हणजे झोक्याची स्वतःची एक लय असते. एकदा जाऊन परत यायला त्याला ठरावीक वेळ लागतो. या वेळेला विज्ञानात ‘दोलनकाल’ म्हणतात. गंमत अशी, की झोक्यावर तुम्ही बसा नाहीतर तुमचे वजनदार मामा बसोत, दोलनकाल जवळजवळ तोच राहतो! तो ठरतो दोराच्या लांबीवर. दोर लांब तर लय संथ, दोर आखूड तर लय भरभर.

आमच्या वर्गाने मोजून पाहिले. १ मीटर दोरीला लोखंडी नट बांधला आणि हलकेच सोडला. जाऊन-येऊन लागले २ सेकंद. मग दोरी पाव मीटर केली, म्हणजे २५ सेंटिमीटर. लागला १ सेकंद. नीट बघा हं, लांबी चौपट कमी झाली, पण वेळ फक्त निम्मा झाला. वेळ दुप्पट हवा असेल तर लांबी चौपट हवी. वेळ तिप्पट हवा असेल तर लांबी नऊपट. हा नियम लक्षात ठेवा. पुढे याच नियमाने आपण एका परदेशी इमारतीचे आणि आपल्या शाळेचेही गणित सोडवणार आहोत.

इमारतीलाही लय असते

“सर, इमारत काय झोका आहे का?” असे तुम्ही विचाराल. पण इमारतही हलते. पट्टी टेबलाच्या काठावर दाबून धरा आणि तिचे बाहेरचे टोक खाली ओढून सोडा. टर्रर्र! पट्टी आपल्या लयीत थरथरते. जास्त बाहेर काढली की संथ, कमी काढली की भरभर. इमारत म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेली अशी पट्टीच. वारा आला, जमीन हलली, की तीही आपल्या लयीत डुलते. ढोबळ हिशेब असा, की जितके मजले तितके दहावे हिस्से सेकंदाचे. दहा मजली इमारतीचा दोलनकाल सुमारे १ सेकंद. वीस मजल्यांचा सुमारे २ सेकंद. आणि एक मजल्याचे घर? सेकंदाचा दहावा हिस्सा. डोळ्याची पापणी लवते ना, त्याहूनही भरभर!

आता भूकंपाचे धक्के आणि इमारतीची लय एक झाली तर काय होईल? वेळेवर ढकललेल्या झोक्यासारखी इमारत अधिकाधिक हलत जाईल. विज्ञानात याला ‘अनुनाद’ म्हणतात. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशात हे जगाने पाहिले. भूकंप झाला समुद्रकिनाऱ्याकडे, आणि इमारती कोसळल्या साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको शहरात. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला आहे. तो गाळ साधारण २ सेकंदांच्या लयीत डुलू लागला. सर्वांत जास्त फटका बसला तो सहा ते पंधरा मजली इमारतींना. ठेंगणी घरे बरीचशी वाचली, खूप उंच इमारतीही वाचल्या. मधल्यांची लय गाळाच्या लयीशी जुळत गेली आणि त्यांचा घात झाला.

गोळा करतो काय?

मग अभियंत्यांनी डोके चालवले. झोका वेळेवर ढकलला तर वाढतो, आणि उलट वेळी ढकलला तर थांबतो. मग इमारतीला सतत उलट वेळी ढकलणारा कुणी सोबती दिला तर?

हा सोबती म्हणजेच तो गोळा. त्याचे नाव ‘ट्यून्ड मास डॅम्पर’. नावाला घाबरू नका. ‘मास’ म्हणजे वस्तुमान. ‘डॅम्पर’ म्हणजे कंप मंदावणारा. आणि ‘ट्यून्ड’ म्हणजे सुरात लावलेला. भजनाच्या आधी तबलजी हातोडीने ठोकून ठोकून तबला पेटीच्या सुरात लावतात ना, तसेच हे. इमारतीचा जो दोलनकाल, नेमका तोच या वजनाचा ठेवायचा. म्हणजे झाले सुरात लावलेले वजन.

आता इमारत डुलायला लागली की गोळाही डुलायला लागतो, पण तो नेहमी थोडा मागे राहतो. इमारत उजवीकडे निघाली की गोळा तिला डावीकडे ओढत असतो. इमारत डावीकडे परतली की गोळा उजवीकडे ओढतो. दोघांची लय एकच असल्यामुळे ही ओढाताण कधी चुकत नाही. इमारतीची हालचाल हळूहळू गोळ्याकडे जाते. इमारत शांत होते, गोळा मात्र झोके घेत राहतो.

पण एक अडचण आहे. गोळ्याने घेतलेली हालचाल त्याने परत इमारतीला दिली तर? देतोच तो! म्हणून गोळ्याला तेल भरलेले जाड दट्टे जोडतात. मोटारसायकलला शॉकॲब्सॉर्बर असतात ना, तसेच. गोळा हलला की दट्ट्यातले तेल घुसळले जाते, तापते, आणि हालचालीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते.

आपल्याकडे डोक्यावर पाण्याचा गुंड आणणाऱ्या बाया पाण्यात लिंबाचा डहाळा टाकतात, हे पाहिले आहे का? आईला किंवा आजीला विचारा. चालण्याच्या लयीत पाणी हिंदकळते आणि डहाळा त्या हिंदकळणाऱ्या पाण्याला अडवत राहतो. दट्ट्याचे कामही असेच आहे. आणि पाणी हे ‘वजन’ म्हणूनही वापरता येते बरे का. काही उंच इमारतींच्या माथ्यावर मुद्दाम अशा मापाच्या टाक्या बांधतात, की त्यातले पाणी इमारतीच्या लयीत हिंदकळून तिला उलट ढकलत राहते.

६६० टनांचा झोका

ही युक्ती फार जुनी आहे. हर्मन फ्राम नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०९ साली ती मांडली. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे तैवानची राजधानी तैपेई इथली ‘तैपेई १०१’ ही इमारत. उंची ५०८ मीटर, मजले १०१. ती ३१ डिसेंबर २००४ रोजी खुली झाली. तिच्या ९२ व्या मजल्यापासून खाली ८७ व्या मजल्यापर्यंत जाड पोलादी दोरांनी एक गोळा टांगला आहे. व्यास साडेपाच मीटर, वजन ६६० टन. इतका मोठा गोळा वर नेणार कसा? म्हणून पोलादाच्या जाड ४१ चकत्या वर नेल्या आणि एकावर एक जोडून तिथेच गोळा बनवला.

चला, आता आपले गणित करू. या इमारतीचा दोलनकाल सुमारे ७ सेकंद. आपल्याला माहीत आहे, १ मीटर लांबीला २ सेकंद लागतात. ७ म्हणजे २ ची साडेतीनपट. मग लांबी किती हवी? साडेतीन गुणिले साडेतीन, म्हणजे सव्वाबारापट. उत्तर आले साधारण १२ मीटर. म्हणूनच त्या झोक्याला चार-पाच मजल्यांची जागा लागली! पाहा बरे, आपल्या वर्गातला नट आणि तैपेईचा गोळा एकच नियम पाळतात.

६६० टन म्हणजे खूप वाटते, पण एवढ्या प्रचंड इमारतीच्या वजनाच्या एक टक्काही ते नाही. तरी काम होते, कारण लय जुळलेली आहे. बोटाने वेळेवर दिलेला धक्का आठवला ना? ८ ऑगस्ट २०१५ रोजी मोठे चक्रीवादळ आले, तेव्हा हा गोळा एक मीटर सरकला होता. ३ एप्रिल २०२४ च्या मोठ्या भूकंपातही तो डुलला आणि इमारत सुखरूप राहिली.

आपल्या देशातही हे आहे. गुजरातमध्ये नर्मदेकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे अनावरण झाले. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी जन्मलेले. सरदार चालत आहेत असा तो पुतळा आहे, म्हणून पायांशी अरुंद आणि खांद्यांशी रुंद. नदीच्या खोऱ्यातला वारा अंगावर घेत असा पुतळा उभा ठेवायचा म्हणजे सोपे नव्हे. म्हणून त्याच्या पोटात प्रत्येकी २५० टनांची दोन सुरात लावलेली वजने बसवली आहेत.

आणि गुजरात, तैवान दूरच राहू द्या. आपल्या शेतातूनच पाहा ना! मोठ्या मनोऱ्यांवरून विजेच्या जाड तारा जातात. मनोऱ्याच्या जवळ तारेखाली व्यायामाच्या डंबेलसारखे काहीतरी लटकलेले दिसेल. मध्ये छोटी तार आणि दोन टोकांना दोन वजने. हीसुद्धा आपल्या गोळ्याची धाकटी भावंडे! मंद वाऱ्यात तारा बारीक बारीक थरथरतात. तशाच थरथरत राहिल्या तर काही दिवसांनी पकडीजवळ तुटतील. आपण बारीक तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना, तशा. ती थरथर ही वजने शोषून घेतात. अमेरिकेतल्या जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याने ती १९२० च्या दशकात शोधली. आमच्या मुलांनी हे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग वर बघत शाळेत आला. तुम्हीही बघा, पण लांबूनच. मनोऱ्याजवळ कधीही जायचे नाही.

आपल्या शाळेला गोळा का नाही?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आमची शाळा एक मजली आहे. तिचा दोलनकाल सेकंदाचा दहावा हिस्सा. फळ्यावर गणित मांडले. २ सेकंदांना १ मीटर. दहावा हिस्सा म्हणजे २ सेकंदांचा विसावा भाग. मग लांबी किती? विसांचा वर्ग चारशे. म्हणजे एक मीटरचा चारशेवा भाग. एक मीटर म्हणजे १००० मिलिमीटर. भागिले ४००. उत्तर आले अडीच मिलिमीटर!

वर्ग आधी गप्प झाला, मग हसत सुटला. अडीच मिलिमीटर दोरीला कितीही टनांचा गोळा टांगणार कसा? ज्वारीच्या दाण्याएवढीही ती दोरी नाही! ती मुलगीच म्हणाली, “म्हणजे सर, आपली शाळा झोकाच नाही. ती तर दगडासारखी हाये.”

अगदी बरोबर. ठेंगणे घर डुलत नाही. जमीन हलते तसे ते जवळजवळ सगळेच्या सगळे तिच्याबरोबर हिसडे खाते. डुलणेच नाही तर डुलणे शांत करणारा सोबती काय करणार? हा उपाय उंच इमारतींचा आहे. तिथेही तो सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. तो मुख्यतः वाऱ्यासाठी बसवतात, कारण वारा बराच वेळ लयीत हलवत राहतो. भूकंप मात्र अचानक येतो, अनेक लयी एकदम घेऊन येतो. गोळ्याने जोर धरायच्या आतच पहिला मोठा हिसडा बसून गेलेला असतो. नंतरचे डुलणे तो कमी करतो, पण उभे राहायचे असते ते इमारतीने स्वतःच्याच बळावर.

तैपेईच्याच इमारतीचे उदाहरण घ्या. ३१ मार्च २००२ रोजी ती अर्धीच बांधून झाली होती, तेव्हा मोठा भूकंप झाला. वरच्या दोन क्रेन कोसळल्या आणि पाच माणसे गेली. पण इमारतीचा सांगाडा उभा राहिला. त्या वेळी गोळा बसवलेलाच नव्हता.

किल्लारीने शिकवलेला धडा

मग ठेंगण्या घरांना कोण वाचवणार? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हे जिल्हे हादरले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे क्षणात ढिगारा झाली. जवळपास दहा हजार माणसे गेली. किल्लारी आमच्या गावापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच उतरलेला. पण आमच्या घरची म्हातारी माणसे कितीतरी दिवस ओसरीवर कंदील ठेवून निजायची, असे आई सांगते. विशेष म्हणजे तो भाग त्या काळी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता.

तीव्रता ६.२ च्या आसपास. म्हणजे जगातल्या फार मोठ्या भूकंपांपैकी हा नव्हता. मग इतकी माणसे का गेली? घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण गोल गोल दगड मातीच्या चिखलात नुसते रचलेले. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये भरड. वर लाकडांवर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात गारेगार! पण जमीन हिसडली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छताचा सगळा भार झोपलेल्यांवर आला.

घराचे दगड, विटा, कोपरे एकमेकांना धरून नव्हते, हे खरे कारण. मग त्यांना धरून ठेवणारे काय? बैलगाडीचे चाक आठवा. चाकाची लाकडे कितीतरी तुकड्यांची असतात, पण बाहेरून लोखंडी धाव चढवली की चाक एकजीव होते. वाटेतले दगडधोंडे खाऊनही ते सुटत नाही. घराला अशीच धाव घालायची. सळ्या घालून ओतलेला काँक्रीटचा सलग पट्टा. एक जोत्यावर, एक दारे-खिडक्यांच्या वर, आणि उतरते छप्पर असेल तर एक छताखाली. चारही भिंतींवरून तो न तुटता फिरला पाहिजे, कोपऱ्यातही. भिंत दगडाची असेल तर दोन्ही थरांना शिवणारे लांब दगड मधूनमधून आरपार घालायचे. बस्स! एवढ्याशा गोष्टीने घर पेटीसारखे एकजीव होते. जमीन हिसडली तर भेगा पडतील, पण घर माणसांच्या अंगावर येणार नाही.

म्हणजे आमच्या शाळेचा ‘गोळा’ हा पट्टा आहे. हे कळल्यावर आम्ही सगळे बाहेर आलो आणि भिंतीला चक्कर मारली. खिडक्यांच्या वर पट्टा दिसला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या एका खोलीच्या कोपऱ्यात मात्र तिरपी भेग दिसली. मुलांनी पट्टीने तिची लांबी मोजली, खडूने तारीख घातली, आणि शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहिले. पत्राखाली पहिली सही कुणाची असेल, ओळखा पाहू!

करून पाहा

दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी बांधा, थोडी सैल. तिला २५ सेंटिमीटर लांबीच्या दोन दोऱ्यांनी दोन सारखे लोखंडी नट टांगा, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. आता फक्त एक नट आपल्याकडे ओढून सोडा. दुसऱ्याला हातही लावू नका. थोड्या वेळाने पहिला मंदावेल आणि दुसरा आपोआप झोके घेऊ लागेल! पुढे दुसरा मंदावेल आणि पहिला पुन्हा सुरू होईल. हालचालीची देवाणघेवाण म्हणतात ती हीच.

आता दुसऱ्या नटाची दोरी १५ सेंटिमीटर करा. लय बिघडली! आता पहिल्याची हालचाल दुसरा नीट घेत नाही. पुन्हा २५ सेंटिमीटर करा, आणि दुसऱ्या नटाला पुठ्ठ्याचा पंख चिकटवा, झोक्याच्या वाटेत आडवा येईल असा. पुठ्ठा हवेला अडतो आणि दोघेही आधीपेक्षा लवकर शांत होतात. झाला तुमचा स्वतःचा डॅम्पर!

पालकांसाठी दोन शब्द

घर आयुष्यात एकदाच बांधले जाते. फरशी कोणत्या रंगाची, याची चर्चा आपण महिनाभर करतो. पट्टा घातला का, हे मात्र विचारत नाही. गवंड्याला जरूर विचारा. खांबांची इमारत असेल तर उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ आहेत का, आणि त्यांची टोके आत वळवली आहेत का, हेही पाहा. तळमजला गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवायचा असेल तर अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांतल्या अनेक अशाच होत्या. पलंगाच्या डोक्याशी जड कपाट असेल तर ते आजच हलवा किंवा भिंतीला पक्के बांधा.

आणि मुलांनो, धक्का बसला तर काय करायचे, हेही पाठ करून ठेवा. पक्क्या इमारतीत असाल तर बाकाखाली किंवा टेबलाखाली शिरा, डोके झाका, पाय घट्ट धरा. काचेच्या खिडकीपासून दूर राहा. जिन्यात धावू नका. हलणे थांबले की रांगेने मोकळ्या मैदानात या. घर दगडमातीचे असेल आणि तुम्ही दाराजवळच असाल तर चटकन बाहेर पडा आणि भिंतीपासून दूर उभे राहा.

जाता जाता एक सांगतो. त्या मुलीने घरी जाऊन आजीला अडीच मिलिमीटरचे गणित समजावले म्हणे. आजीला गणित काही कळले नाही. पण नातीने हात धरून घराभोवती फिरवले आणि दाराच्या वरचा पट्टा दाखवला, तेव्हा तिने विचारले, “कोपऱ्यातही हाये ना वो?”

आहे, कोपऱ्यातही आहे. आजी पुन्हा घरात निजू लागली आहे. आता तुमची पाळी. आज शाळेतून घरी गेलात की घराभोवती एक चक्कर मारा आणि पट्टा शोधा!